निगुडकरांची ओळख पटेना

"विकेंडला नक्की करते, आई," असं म्हणून रीमा लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून ऑफिसला निघून गेली, तेव्हा वसुधाताई निगुडकरांनी हातातला पोळीचा घास ताटात परत ठेवला. विकेंड या शब्दावरून त्यांचा विश्वास उडाला होता. ॲरिझोनातल्या चँडलरला लेकीकडे राहायला आल्यापासून त्यांच्या एक लक्षात आलं होतं. या देशात विकेंड म्हणजे शनिवार-रविवार नव्हेत, तो एक माळा आहे. आत्ता नको असलेली प्रत्येक गोष्ट तिथे टाकतात.

या वेळी माळ्यावर गेलेली गोष्ट साधी नव्हती. निगुडकर पतिपत्नींना नुकतंच ग्रीन कार्ड मिळालं होतं. ते मिळाल्यावर ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन अर्ज केला, तर दोघांना हेल्थ इन्शुरन्सचं कार्ड मिळणार होतं. मुदत हुकली, तर पुढचं दार हिवाळ्यात उघडणार होतं. आणि प्रल्हादरावांचं ब्लडप्रेशर काही हिवाळ्यापर्यंत थांबणाऱ्यातलं नव्हतं.

"अहो," वसुधाताई म्हणाल्या, "आपलं आपण करू."

प्रल्हादराव खिडकीतून परसातल्या लिंबाच्या झाडाकडे बघत होते. "करेल की रीमा," ते म्हणाले. उभा जन्म वीज मंडळात काढल्यामुळे, काहीही न करता थोडा वेळ बसून राहिलं की सगळं आपोआप परत येतं, अशी त्यांची श्रद्धा होती.

वसुधाताईंचा पिंड वेगळा. मिरजेच्या शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं होतं आणि गल्लीतल्या निम्म्या लोकांचे इंग्रजी अर्ज त्यांच्या हातचे असत. नळाला पाणी येत नाही या त्यांच्या एका अर्जावर साहेबांनी 'ब्युटिफुली वर्डेड' असा शेरा मारला होता. पाणी आलं नाही, पण शेरा आला. अशा बाईला एक अर्ज जड जाणार होता थोडाच?

त्यांनी चष्मा पुसला, रीमाचा जुना लॅपटॉप डायनिंग टेबलावर मांडला आणि खुर्चीवर ताठ बसल्या.

पहिली चकमक पासवर्डशी झाली. त्यात एक मोठं अक्षर हवं, एक अंक हवा, एक चिन्ह हवं, स्वतःचं नाव नको, सोपा शब्द नको, आणि एवढं करून तो सहज लक्षात राहायला हवा. "एवढ्या अपेक्षा मी दहावीच्या निबंधाकडूनही ठेवल्या नव्हत्या," वसुधाताई म्हणाल्या. पासवर्ड विसरलात तर ओळख पटावी म्हणून यंत्राने एक घरगुती प्रश्न विचारला: तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय?

"मोती लिही," प्रल्हादराव म्हणाले.

"मोती जोशी वकिलांचा होता."

"पण जेवायला तुमच्याकडे असायचा ना?"

"लग्न ठरल्यावर तुम्हीही असायचात. म्हणून काय तुम्हाला पाळलं होतं?"

सरकारी अर्जात खोटं लिहायचं नाही, हे त्यांचं तत्त्व. कुत्र्याच्या मालकीचा हा वाद चहा होईपर्यंत चालला. शेवटी 'तुमच्या पहिल्या शाळेचं नाव' हा दुसरा प्रश्न निवडता येतो हे सापडलं आणि मोती सुटला.

पुढच्या पानावर यंत्राने त्यांची उलटतपासणी घेतली. खालीलपैकी कोणती मोटार तुमच्या नावावर होती? खालीलपैकी कोणत्या रस्त्यावर तुम्ही राहत होतात? खालीलपैकी कोणत्या बँकेतून तुम्ही घरासाठी कर्ज घेतलंत? वसुधाताईंनी प्रत्येक पर्याय मोठ्याने वाचला, प्रामाणिकपणे विचार केला आणि प्रत्येक वेळी 'यापैकी नाही' वर टिचकी मारली. ओळीने सगळ्या प्रश्नांचं उत्तर 'यापैकी नाही' येईल असा पेपर त्यांनी स्वतः कधीच काढला नसता. हेडबाईंनी परत पाठवला असता. यंत्राने थोडा वेळ चक्र फिरवलं आणि निकाल लावला: आम्ही तुमची ओळख पटवू शकलो नाही.

मिरजेत भाजी घ्यायला बाहेर पडलं, तर कोपऱ्यापर्यंत जायला बाईंना अर्धा तास लागायचा. रिक्षावाल्यापासून तहसीलदारीणबाईंपर्यंत प्रत्येक जण थांबून नमस्कार करायचा. आणि इथे ओळख पटत नाही! "यांना कोण हवंय मग?" त्यांनी विचारलं. प्रल्हादराव म्हणाले, "कर्जबाजारी माणूस हवा असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी हा विषय मॉलमध्ये निघाला. ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात बाहेर चालायला जाणं म्हणजे तव्यावर फिरणं, म्हणून दुकानं उघडायच्या आधी सगळे काका-काकू थंडगार मॉलमध्ये चकरा मारत. या मंडळाचे म्होरके हेमचंद्र सबनीस. ते रेडमंडला मुलाकडे आणि फ्रिस्कोला मुलीकडे राहून आले होते, त्यामुळे एकूण अमेरिकेवर त्यांचा शब्द अखेरचा असे.

"वहिनी, मूळ चूक काय झाली सांगू? तुमची हिस्टरी नाही," सबनीस म्हणाले.

"माझी हिस्टरी नाही?"

"क्रेडिट हिस्टरी हो. इथे उधारी केल्याशिवाय माणूस दिसत नाही. पण घाबरू नका. कागदपत्रं अपलोड करा आणि एक लक्षात ठेवा. स्क्रीनवर कुठे लाल ठिपका दिसला, तर हात लावायचा नाही. शंभर टक्के फ्रॉड असतो. आमच्या साडूंनी लावला होता."

"मग?"

"मग काय! नवा फोन घ्यावा लागला."

नेत्रावहिनी निगुडकरांच्याच गल्लीत पलीकडच्या घरात सुनेकडे राहत. त्यांचा ऑनलाइनवर विश्वासच नव्हता. "सरळ कागद पोस्टाने पाठवा. माझ्या नणंदेने पाठवलाय दोन वर्षांपूर्वी. परत आलेला नाही, त्याअर्थी पोचला असणार."

वसुधाताईंनी सबनीसांचा सल्ला घेतला, कारण त्यात निदान उत्तराची आशा होती.

ओळखीचे कागद नंतर दिले तरी चालतील म्हणत यंत्राने अर्ज उघडून दिला. तो भरताना मात्र एकेक प्रश्न असा येऊ लागला, की त्यांना उठून पाणी प्यावं लागलं. घरात कोणी गरोदर आहे का? वसुधाताईंनी चष्म्यावरून प्रल्हादरावांकडे पाहिलं. प्रल्हादराव आपल्या पोटाकडे बघून म्हणाले, "नाही लिही." मग प्रश्न आला: तुम्ही अमेरिकन इंडियन आहात का?

इथे इंग्रजीच्या बाई जाग्या झाल्या. अमेरिकन हे विशेषण, इंडियन हे नाम. अमेरिकेत स्थायिक झालेले भारतीय. व्याकरणात शंकेला जागाच नव्हती. शाळेच्या जुन्या पुस्तकांत इथले मूळ रहिवासी त्यांना वेगळ्याच नावाने भेटले होते, त्यामुळे ते इथे व्याकरणाआड उभे असतील असं मनातही आलं नाही. किती आपुलकीने चौकशी करतायत, असं म्हणत त्यांनी 'हो' वर खूण केली. लगेच यंत्राने जमातीचं नाव विचारलं.

"अहो, जमात विचारतायत."

"पेन्शनर," प्रल्हादराव म्हणाले.

तो पर्याय यादीत नव्हता. जागा रिकामी ठेवून त्या पुढे गेल्या. नात्यांच्या रकान्यात त्यांनी प्रल्हादरावांपुढे 'पती' निवडलं, आणि पान खाली सरकवायला माउसचं चाक फिरवलं. पानाबरोबर रकान्यातलं नातंही सरकलं, हे काही त्यांना दिसलं नाही. अर्ज गेला. त्या दिवशी त्यांनी शिरा केला.

पुढच्या आठवड्यात पत्र आलं. वसुधाताईंनी ते उभ्यानेच उघडलं आणि वाचता वाचता खुर्ची शोधली. पत्रात लिहिलं होतं, की आपला मुलगा प्रल्हाद याचं वय मर्यादेपेक्षा जास्त असल्याने त्याला आपल्या पॉलिसीत समाविष्ट करता येणार नाही. तसंच, आपण मूळनिवासी जमातीच्या सदस्य असल्याचा दाखला त्वरित पाठवावा.

देवांग, म्हणजे जावई, तेवढ्यात पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला होता. त्याने पत्र वाचलं, तोंडातलं पाणी मोठ्या कष्टाने गिळलं आणि म्हणाला, "आई, हे नेटिव्ह अमेरिकन लोकांसाठी आहे. इथले ओरिजनल लोक. आपल्या शेजारीच त्यांची जमीन आहे, हायवेवरून जाताना बोर्ड लागतो बघा."

वसुधाताई लाजेने लालबुंद झाल्या. नवरा मुलगा झाला, ते एक वेळ चाललं असतं. प्रल्हादराव तर पत्र ऐकल्यापासून "आई, चहा" म्हणून मजा घेत होते. पण ज्यांची ही भूमी, त्यांच्या हक्काच्या रांगेत आपण जाऊन उभे राहिलो, हे त्यांना फार लागलं.

"मी रीमाला सांगतो, ती विकेंडला—" देवांग बोलू लागला.

"चूक माझी आहे. मी निस्तरीन," वसुधाताई म्हणाल्या आणि फोन उचलला.

हेल्पलाइनवर एक यंत्र होतं. ते म्हणालं, तुमचं काम थोडक्यात सांगा. वसुधाताईंनी घसा साफ करून, शब्दाशब्दाचा उच्चार सोडवत सांगितलं, "आय विश टु करेक्ट अ‍ॅन एरर इन माय अ‍ॅप्लिकेशन." यंत्र म्हणालं, "तुम्हाला दातांच्या विम्याबद्दल माहिती हवी आहे. बरोबर?" त्यांनी वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी आघात बदलून. यंत्राने त्यांचं अभिनंदन केलं, बाळाची जन्मतारीख विचारली. ज्या बाईंनी मिरजेच्या पिढ्यांना व्ही आणि डब्ल्यू यांतला फरक ओठ दुमडून शिकवला, त्यांचं इंग्रजी एका डबड्याला कळेना! त्या एवढ्या संतापल्या, की तोंडातून शब्द फुटेना. फोन कानाला लावून त्या नुसत्या धुमसत राहिल्या. यंत्राने थोडी वाट पाहिली आणि म्हटलं, "तुम्हाला प्रतिनिधीशी जोडून देत आहोत." बोलून जे साधलं नव्हतं ते अबोल्याने साधलं. संसारातला हा जुनाच अनुभव, पण सरकारी कामातही तो चालतो हे त्यांना नवीन होतं.

प्रतिनिधी होती रोंडा नावाची, आवाजाने पन्नाशीची आणि स्वभावाने मऊ. तिने त्यांना 'हनी' म्हटलं आणि विचारलं, "दुभाषा देऊ का? कोणती भाषा?" वसुधाताईंचा ताठा पुन्हा दुखावला गेला, पण त्यांनी नाही म्हणायच्या आत लाइनवर न्यू जर्सीतून एक मराठी गृहस्थ हजरही झाले.

"मॅम," रोंडा म्हणाली, "इथे प्रल्हाद तुमचा मुलगा आहे असं दिसतंय."

"महोदया," दुभाषा म्हणाला, "त्यांच्या अभिलेखानुसार प्रल्हाद हे आपले अपत्य होय."

"अपत्य नाही हो, नवरा आहे माझा!"

"शी सेज नॉट चाइल्ड, हजबंड," दुभाष्याने सांगितलं.

"पूर्ण वाक्यात सांगा," वसुधाताई कडाडल्या. "ही इज नॉट माय चाइल्ड. ही इज माय हजबंड. कर्ता, क्रियापद आहे ना?"

"हो, बाई," दुभाषा नकळत म्हणाला.

जमातीचा विषय आल्यावर वसुधाताईंनी त्याला थांबवलं आणि स्वतःच्या इंग्रजीत रोंडाला सगळं सांगितलं. दुसऱ्याचा हक्क मला नको, तेवढं आधी पुसा, मग माझं काय व्हायचं ते होऊ दे. रोंडाने ऐकून घेतलं. "पुसलं," ती म्हणाली. "आणि मिस्टर प्रल्हाद आता तुमचे पती आहेत. काँग्रॅच्युलेशन्स." दुभाष्यानेही मराठीतून अभिनंदन केलं. ओळखीसाठी ग्रीन कार्ड आणि पासपोर्ट अपलोड करा, निर्णय कळवू, असं सांगून रोंडाने फोन ठेवला.

अपलोडचे प्रयोग मग अनेक दिवस रंगले. पहिल्या फोटोत पासपोर्टपेक्षा प्रल्हादरावांचा अंगठा मोठा आला. दुसऱ्यात ग्रीन कार्डावर पंख्याची सावली. तिसरा फोटो सर्वांगसुंदर होता, पण त्यात ग्रीन कार्डाऐवजी किराणा दुकानाचं सभासद कार्ड होतं. शेवटी एकदाचं सगळं मनासारखं गेलं आणि स्क्रीनवर आलं: तपासणी चालू आहे. वसुधाताई रोज सकाळ-संध्याकाळ ते वाक्य वाचत. चार-पाच दिवसांनी कोपऱ्यात एक लाल ठिपका उगवला. त्यांनी त्याला हात लावला नाही. हात लावायला त्या काय सबनीसांच्या साडू होत्या?

महिना संपत आला. आणि एका सकाळी मॉलमध्ये, बुटांच्या बंद दुकानासमोर, प्रल्हादराव चालता चालता थांबले. "जरा बसतो," म्हणाले आणि बाकाकडे जाता जाता त्यांचा तोल गेला. सबनीसांनी त्यांना धरलं, बाकावर बसवलं, डोक्यावर पाण्याची बाटली ओतली. नेत्रावहिनी पदराने वारा घालू लागल्या. कोणी साखर सुचवली, कोणी मीठ. वसुधाताईंनी कोणाचंच ऐकलं नाही. सकाळची गोळी राहिली असेल म्हणून त्यांनी नवऱ्याच्या कमरेचा बटवा उघडला. आत टिश्यू पेपरच्या पुडीत गोळ्यांचे अर्धे अर्धे तुकडे होते, सुरीने नीट कापलेले.

"हे काय?"

प्रल्हादरावांनी डोळे मिटून घेतले. "मिरजेहून आणलेल्या संपत आल्या होत्या. म्हटलं, कार्ड येईपर्यंत पुरवू."

"मला सांगायचं नाही?"

"तू एवढी मनावर घेऊन करत होतीस, वसू. सांगितलं असतं तर तुला घाई झाली असती."

त्यांचं ओलं डोकं पदराने पुसत वसुधाताईंनी फोन लावला. "रीमा, ये," एवढंच म्हणाल्या.

रीमा गळ्यात ऑफिसचा बॅज तसाच ठेवून आली. जवळच्या क्लिनिकमध्ये तपासलं. प्रेशर बरंच चढलं होतं, पण धोक्याचं काही नव्हतं. तिथल्या तिथे गोळी दिली, तूर्तास पुरतील एवढ्या लिहून दिल्या आणि अशा कापाकापीबद्दल प्रल्हादरावांना चांगलं झापलं. आपला नियमित डॉक्टर लवकर गाठा, असंही बजावलं. पण डॉक्टर गाठायला कार्ड हवं.

त्या संध्याकाळी रीमाने लॅपटॉप पुढे ओढला. "आई, आता पुरे. मी करते."

"तू बाजूला बस," वसुधाताई म्हणाल्या. आवाज दिवसभराच्या धास्तीने बसला होता, पण ढळला नव्हता. "टाइप मी करते. चुकलं तर सांग. आज मी कोणाचंही ऐकेन."

रीमाने लॅपटॉप परत आईपुढे सरकवला. मग हळूच म्हणाली, "आई, खरं सांगू? मीही ट्राय केलं होतं. त्या ओळखीच्या पेजवर अडकले. तुम्हाला काय सांगणार, म्हणून नुसतं विकेंड विकेंड करत होते."

वसुधाताईंनी लेकीकडे पाहिलं. चिप बनवणाऱ्या कंपनीतली इंजिनिअर पोर, आणि तिलाही यंत्राने 'यापैकी नाही' करून परत पाठवलं होतं. त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं. "कठीणच होता पेपर," त्या म्हणाल्या.

"हा लाल डॉट कसला आहे?" रीमाने विचारलं.

"लावू नकोस हात! फ्रॉड असतो."

"कोण म्हणालं?"

"सबनीस."

रीमाने क्षणभर आईकडे बघितलं आणि ठिपक्यावर टिचकी मारली. आत पत्रांचा गठ्ठा होता. सगळ्यात खालचं पत्र म्हणत होतं, की आपली ओळख पटली आहे. त्यावरचं म्हणत होतं, आता योजना निवडा. त्यावरचं पुन्हा तेच म्हणत होतं. सगळ्यात वरच्या पत्राचा सूर अजिजीचा होता: महिनाअखेरपर्यंत निवडा, कृपा करा. यंत्र बिचारं इतके दिवस दाराशी उभं राहून कडी वाजवत होतं.

वसुधाताईंनी सगळी पत्रं वरून खाली वाचली. मग चष्मा नीट बसवला. "योजना दाखव."

योजनांची नावं ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशी होती. "पितळेची नाही का? टिकाऊ असते," पलंगावरून प्रल्हादराव म्हणाले, त्यावरून ते बरे होत असल्याचं सगळ्यांना कळलं. प्रत्येक योजनेत गोळ्या किती मिळतात, डॉक्टर कोण, आधी खिशातून किती जातात, हे वसुधाताईंनी ओळ न ओळ वाचून काढलं. रीमाला दोनदा डुलकी लागली. त्यांनी तिला उठवून समजावून सांगितलं. सिल्व्हर ठरली. बटण दाबताना माउसच्या चाकाला त्यांनी बोटही लागू दिलं नाही.

कार्डं पोस्टाने आली. नावं बरोबर, नाती बरोबर. मॉलमध्ये सबनीसांनी कार्ड हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाले, "मी म्हणालोच होतो, अपलोड करा म्हणून." वसुधाताईंनी कार्ड त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि चकरा पुढे चालू ठेवल्या.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी प्रल्हादरावांच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि समाधानाने मान हलवली. मग म्हणाल्या, "तुमचंही कार्ड आहे ना? बसा, बघूनच टाकू." वसुधाताईंनी आयुष्यात कधी प्रेशर मोजून घेतलं नव्हतं. त्या हसत बसल्या. डॉक्टरांनी आकडा पाहिला, पट्टा सोडला, पुन्हा बांधला आणि पुन्हा पाहिला.

"गेल्या काही आठवड्यांत काही मोठा ताण होता का?"

रीमाने खिडकीबाहेर नजर वळवली. प्रल्हादरावांनी बोलायला तोंड उघडलं आणि बायकोचा चेहरा बघून मिटलं.

"ताण असा नाही," वसुधाताई आपल्या सर्वोत्तम इंग्रजीत म्हणाल्या. "एक ऑनलाइन काम चालू होतं."

"कसलं?"

"तुमच्यापर्यंत पोचण्याचं."

डॉक्टर हसल्या, पण औषध लिहिलं. मीठ कमी करा, फिरणं चालू ठेवा आणि मुख्य म्हणजे डोक्याला त्रास करून घेऊ नका, असं बजावलं. बाहेर काउंटरवरच्या मुलीने दोघांच्या चिठ्ठ्या दिल्या आणि गोड आवाजात सांगितलं, की रक्ताचे रिपोर्ट आमच्या पोर्टलवर येतील, तेवढं अकाउंट उघडून ठेवा.

तिघंही तिथेच थांबले. रीमाने मुकाट्याने आपला फोन पर्समधून काढला. प्रल्हादरावांनी बायकोचा हात धरला आणि म्हणाले, "वसू, डॉक्टर आत्ताच काय म्हणाल्या?"

वसुधाताईंनी हात सोडवून घेतला, भिंतीकडेच्या खुर्चीत ताठ बसल्या आणि पदराने चष्मा पुसला.

"रीमा, लिंक मला पाठव," त्या म्हणाल्या. "आणि अहो, तुम्ही लांब बसा. मला पासवर्ड सुचू द्या."